मनिष त्या वेळी काय करत होता

उधवा, ता. तलासरी
१२ जानेवारी २०२५

आदरणीय दक्षाबाई,

सुषमाचा नमस्कार. सुषमा धोडी. तलासरीच्या आश्रमशाळेत नववी-दहावीला तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. मी दुसऱ्या बाकावर बसायचे आणि तुम्ही मला ‘डिक्शनरी’ म्हणायच्या. आठवत असेल तर बरं, नसेल तरी चालेल.

घोलवडला तुमच्या शेजारी राहणाऱ्या जमनाबेन इथल्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, बाईंना आता ऐकू येत नाही, फोन घेत नाहीत, पण पत्र आलं तर दोनदा वाचतात. म्हणून लिहिते आहे.

मी आता आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. घरात मी आणि आये, दोघीच. माझा पाठचा भाऊ, आमचा धाकल्या, गुजरातेत ओख्याला बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. ऑक्टोबरात जाळं ओढताना समुद्रात पडला. तीन दिवस शोधलं, सापडला नाही. चोवीस वर्षांचा होता.

विचारायचं ते वेगळंच आहे. इंग्रजीतला फ्युएल हा शब्द नाम की क्रियापद? आणि कोणी लिहिलं, की अमुक माणूस फायरला फ्युएल करत होता, तर वाचणारा काय समजेल? मला नीट कळून घ्यायचं आहे. घाई नाही.

तुमची विद्यार्थिनी,
सुषमा


घोलवड
२१ जानेवारी २०२५

चि. सुषमा,

डिक्शनरीला मी कशी विसरेन, बेटा? वर्गात मी शब्द फळ्यावर लिहायचे आणि खडू खाली ठेवायच्या आत तू अर्थ सांगायचीस.

धाकल्याचं वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं.  सुट्टीत तुला न्यायला तुझी आई यायची, तेव्हा तिच्या पदराला धरून एक बारका मुलगा उभा असायचा. फाटकाच्या गजांतून वर्गाकडे बघत राहायचा. तोच ना? त्याचं खरं नाव मी कधी विचारलंच नाही. आईला सांग, बाईंनी विचारलंय. 

आता तुझा प्रश्न. फ्युएल दोन्ही आहे. नाम असतो तेव्हा ती वस्तू असते. लाकूड, गोवरी, रॉकेल, डिझेल. क्रियापद झालं, की कोणीतरी काहीतरी करतं. टेम्पोत डिझेल भरलं तरी तेच क्रियापद, चुलीत लाकूड सारलं तरी तेच. पण छापील इंग्रजीत ते लाकडा-डिझेलपेक्षा भलत्याच कामाला जास्त येतं. अफवेने भांडणाला फ्युएल केलं, अपमानाने रागाला केलं. आधीच पेटलेलं आणखी पेटवणं, असा अर्थ. त्यामुळे नुसतं ‘फायरला फ्युएल केलं’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला चूल दिसणार नाही, वणवा दिसेल. चूल म्हणायची असेल तर चूल लिहावी लागते.

मराठीत आपण सुखी आहोत. चूल पेटवणं निराळं, आग लावणं निराळं, आग भडकवणं निराळं.

तुला हे कशासाठी हवंय? पूर्ण वाक्य पाठव, त्याच्या मागचं-पुढचंही. एकटं वाक्य बघून मार्क देऊ नयेत, हे मी बी.एड.च्या मुलींनाही सांगायचे. आणि लिहीत राहा. दिवसभर घरात कोणाचा आवाज नसतो, म्हणजे असतो, माझ्यापर्यंत पोचत नाही.

तुझी,
दक्षाबाई


उधवा
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

पूर्ण वाक्य पाठवते. पण आधी काय झालं ते सांगावं लागेल.

मी चार वर्षं घोलवडला एका चिकूच्या वाडीवर पॅकिंग शेडमध्ये कामाला होते. तुम्ही त्याच गावात राहता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला इंग्रजी येतं म्हणून खोक्यांवर नाव-गाव, वजन लिहायचं काम माझ्याकडे. धाकल्याला मीच तिथे लावलं. तो चिकू उतरवायचा, खोके टेम्पोत चढवायचा. तिथेच गंजाडची कमळी चिकू निवडायला यायची. दोघांचं जमलं. घरच्यांनी बोलणी केली, वैशाखात लग्न धरलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, भर दुपारी, शेडला आग लागली. वजनकाट्याच्या वायरीतून ठिणगी उडाली असावी, खाली पेंढा होता. धाकल्या तेव्हा लांब, आंब्याखालच्या चुलीपाशी होता. चौदा माणसांचा भात त्या दिवशी त्याच्याकडे होता. जाळ दिसल्यावर तो धावला आणि आत अडकलेल्या कमळीला त्यानेच बाहेर ओढलं. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. शेड पूर्ण गेली.

विम्याचे साहेब आले. कोण कुठे होतं, काय करत होतं, लिहून द्या म्हणाले. मराठीत दिलं तरी चालेल, असंही म्हणाले. पण सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, मी इंग्रजीत देते. सगळ्यांचं मीच लिहिलं. धाकल्याच्या नावापुढे लिहिलं: ‘अ‍ॅट दॅट टाइम मनिष वॉज फ्युएलिंग द फायर.’

मनिष म्हणजे आमचा धाकल्या. मला लिहायचं होतं, की तो चुलीत लाकडं घालत होता. चार शब्दांचं काम एका शब्दात होत असेल तर चार लिहू नयेत, असं तुम्ही सांगायच्या. मला तो शब्द आठवला याचा आनंद झाला होता, बाई. साहेबांनी कागद घेतला आणि ‘गुड इंग्लिश’ म्हणाले.

पुढे शेड बंद म्हणून मी घरी आले. आठ-दहा दिवसांनी धाकल्याही आला. म्हणाला, शेठशी जमलं नाही. आगीच्या आदल्या दिवशी सुट्टीवरून त्याची शेठशी बोलाचाली झाली होती, त्याचाच राग असेल असं आम्हाला वाटलं. मग लोक म्हणायला लागले की त्यानेच रागात शेड पेटवली, कमळी आत आहे हे त्याला माहीत नव्हतं. गंजाडहून निरोप आला, लग्न मोडलं. ऑगस्टमध्ये तो बोटीवर गेला.

हे लोकांच्या तोंडी कुठून आलं, ते मला तेव्हा कळलंच नाही. आता सांगा. माझं वाक्य चुकलं होतं का?

सुषमा


घोलवड
९ मार्च २०२५

चि. सुषमा,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती.

व्याकरणाच्या दृष्टीने तुझं वाक्य बरोबर आहे. काळ बरोबर, क्रियापद बरोबर. तू खोटं लिहिलं नाहीस. वाचणाऱ्यांनी नीट वाचलं नाही, त्यात तुझा दोष नाही. झालेलं आता बदलत नाही. तू हे मनातून काढून टाक आणि आईकडे बघ.

दक्षाबाई


उधवा
१६ मार्च २०२५

आदरणीय बाई,

तुमचं एवढं छोटं पत्र बघून मला वाटलं मधलं पान राहिलं.

मनातून काढू म्हणता, पण मला अजून एक गोष्ट कळली आहे. गेल्या महिन्यात मी नितीनला भेटले. तो त्या वाडीचा मॅनेजर होता, आता डहाणूला असतो. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

साहेबांनी सगळ्यांची वाक्यं टाइप करून पाठवली. सह्या घेण्याआधी माणसांना मराठीत वाचून दाखवायची होती, म्हणून नितीनने कोणाकडून तरी त्यांचं मराठी करून आणलं. मग शेठच्या ओट्यावर एकेकाला बोलावलं. धाकल्याला वाचून दाखवलं: ‘त्या वेळी मनिष आग भडकवत होता.’

नितीन म्हणाला, तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. मग विचारलं, हे कोणी लिहिलंय. नितीन म्हणाला, तुझ्या ताईने. त्याने कागद हातात घेतला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी इंग्रजी पानही उलटून बघितलं. म्हणाला, ताईने लिहिलंय? मग असेल काहीतरी. आणि सही केली.

बाई, तो घरी येऊन पाच महिने माझ्यासमोर जेवला. एकदाही मला विचारलं नाही, की तू असं का लिहिलंस.

तुम्ही लिहिता, वाचणाऱ्यांनी नीट वाचलं नाही. मला एवढंच कळायला हवं, की ज्याने कोणी मराठी केलं, त्याने नितीनला विचारलं का, कसली आग? एकदा तरी विचारलं का?

सुषमा


घोलवड
२४ मार्च २०२५

सुषमा,

नाही विचारलं.

ते मराठी मी केलं. तुझं दोन फेब्रुवारीचं पत्र वाचलं त्या क्षणी मला कळलं, आणि तरी मी तुला ते नऊ मार्चचं पत्र पाठवलं. तब्येत बरी होती. लिहायचं धैर्य नव्हतं.

आता सगळं लिहिते. नितीन सकाळी माझ्या ओट्यावर आला. टाइप केलेली तीन पानं होती, खाली तुझं नाव नव्हतं. गावात शेड जळल्याचं मला माहीत होतं, कोण कामाला होतं ते माहीत नव्हतं. नितीन उभा राहून काहीतरी सांगत होता. हात वाडीच्या टोकाकडे, त्या आंब्याकडे करत होता. बहुतेक चुलीचंच सांगत असेल. मला ऐकू आलं नाही. त्या दिवसांत मला बहिरेपणाची फार लाज वाटायची. पुन्हा सांग, मोठ्याने सांग, कागदावर लिही, असं म्हणायला जीभ उचलत नसे. मी मान हलवली, जणू सगळं समजलं.

त्या वाक्याशी मी थांबले होते, हे मला नीट आठवतं. ‘आगीत लाकूड घालत होता’ असा एक अर्थ डोक्यात येऊन गेला. मला तो बाळबोध वाटला. वाटलं, इतकं चांगलं क्रियापद वापरणारा माणूस एवढं साधं कशाला म्हणेल? मी ‘भडकवत होता’ लिहिलं. शब्द चपखल बसला म्हणून मला बरंही वाटलं. चौतीस वर्षं मी मुलांना सांगितलं की एकटं वाक्य बघून निकाल देऊ नये. मी एका मुलाचं सगळं आयुष्य एका वाक्यावर लिहून दिलं आणि वर नितीनला चहा पाजला.

तू इंग्रजीत चूक केली असशील तर ती माझ्या शिकवण्याची. मराठीतली चूक तर सरळ माझीच. तू चूल लिहायला विसरलीस. चूल आहे का, हे विचारायला मी तयार नव्हते.

सोबत वेगळ्या कागदावर मी हे सगळं मराठीत लिहून सही केली आहे. शेठला आणि विम्याच्या ऑफिसलाही एकेक प्रत आजच पोस्टाने पाठवली. गंजाडला जाऊन कमळीच्या घरी स्वतः सांगायची माझी तयारी आहे. तू म्हणशील तेव्हा. नको म्हणशील तर जाणार नाही.

माफी मागत नाही. ती देण्याचं ओझं तुझ्यावर कशाला टाकू?

दक्षा


उधवा
२० एप्रिल २०२५

बाई,

मला माहीत होतं.

धाकल्याची बॅग बोटीच्या म्होरक्याने, तांडेलाने, डिसेंबरात पाठवली. दोन शर्ट, एक चादर आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला तो मराठी कागद, सहीनंतर त्याला मिळालेली प्रत. झेरॉक्सच होती, पण ‘भडकवत’मधला ‘भ’ बघितला आणि ओळखला. असा ‘भ’ मी दोन वर्षं वहीच्या शेऱ्यांत बघितला होता. त्यानंतर महिनाभराने तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. शब्दाचा अर्थ मला विचारायचा नव्हता. तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं. तुमचं ते नऊ मार्चचं पत्र आलं तेव्हा मी ते चुलीत घालणार होते.

पण बाई, मीसुद्धा आयेला काही सांगितलं नव्हतं. कागद सापडला तो तांदळाच्या पिंपामागे लपवला. तुमच्याकडून खरं काढून घ्यायचं आणि स्वतः गप्प बसायचं, असं माझं चाललं होतं. तुमचं पत्र आल्यावर ते जमेना. त्याच संध्याकाळी आयेला सगळं सांगितलं, आधी माझं, मग तुमचं. तिने एकच विचारलं, ‘तू लिहिलंस ते त्याला वाचून दाखवलं होतंस?’ मी नाही म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. भाकर वाढायची, बोलायची नाही.

गंजाडला मी एकटीच गेले. तुम्हाला नेलं नाही, कारण तुम्ही रडला असतात आणि त्यांना तुम्हालाच सांभाळावं लागलं असतं. तुमचा कागद कमळीच्या आईला, भिकीबाईला, वाचून दाखवला. कमळी भिंतीला टेकून ऐकत होती. हाताची कातडी आवळली आहे, कोपर पूर्ण सरळ होत नाही. तिचं दुसरीकडे ठरलं आहे, पुढच्या महिन्यात लग्न आहे.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, ‘मी त्याला बघितलं होतं. शेडच्या दारातून चूल दिसायची. खाली वाकून लाकूड सारत होता, धुराने डोळे चोळत होता. मग माझ्या पाठी जाळ उठला.’

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस.

‘बाबा म्हणाले, त्याच्या बहिणीनेच इंग्रजीत लिहून दिलंय. मला वाटलं, मी जळत होते, मलाच नीट आठवत नसेल. शिकलेल्या बहिणीने लिहिलंय तर तेच खरं असणार.’

मग तिने सांगितलं की बोटीवर जाण्याआधी तो गंजाडला गेला होता. दाराबाहेरच उभा राहिला. हिने विचारलं, तू केलंस का. तो नाही म्हणाला. मग कागदावर तसं कसं, असं हिने विचारलं. त्यावर तो म्हणाला, ‘माझ्या ताईला खोटं पाडायला सांगू नकोस.’

‘मी दार लावून घेतलं,’ कमळी म्हणाली. एवढंच.

ती माझ्याबरोबर उधव्याला आली. भिकीबाईने अडवलं नाही. आयेसमोर बसून तिने चुलीचं, धुराचं, त्याने तिला कसं ओढून काढलं त्याचं, सगळं सांगितलं. आये ऐकत राहिली. मग तिचा तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि तेल लावून चोळत बसली. कमळी दोन रात्री आमच्याकडे राहिली. पाड्यावरचे लोक येऊन गेले. प्रत्येकाला तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. काहीजणांनी मान खाली घातली, काहीजण म्हणाले, आम्हाला आधीच वाटत होतं. 

निघताना आयेने तिला विचारलं, ‘मुलगा चांगला आहे का?’ कमळीने होकाराची मान हलवली.  आये म्हणाली, ‘मग कर लग्न. माझ्या पोराने तुला जाळातून काढली ती घरात बसून रडायला नाही. आम्ही दोघी येऊ.’

तुमच्यावरचा राग गेला, असं लिहिलं तर खोटं होईल. रोज थोडा असतो. काही दिवस तो तुमच्यावर असतो, काही दिवस माझ्यावर. पण तुम्ही शेठला आणि ऑफिसला आधी पाठवून मग मला कळवलंत, ते मला बरं वाटलं. शेठकडून काही उत्तर आलेलं नाही. माझ्या पत्राचं उत्तर मात्र तुम्ही द्या.

मी कमळीला फाट्यावर जीपमध्ये बसवून परत आले तेव्हा आये ओट्यावर होती. ऑक्टोबरपासून ती रडली नव्हती. बाई, त्याचं प्रेत नाही, म्हणून ती रडायला तयार नव्हती. त्या दिवशी रडली. ‘मनिष, मनिष’ करत, धाकल्या नाही म्हणाली. मी भीत भीत तिच्या शेजारी बसले. तिने मला दूर केलं नाही.

सुषमा